स्वेच्छा पडताळणी

पहिल्यांदा पैसे अडकले तेव्हा मला वाटलं, रेंज गेली असेल. आमच्या विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीपाशीच काय ती धड रेंज येते. मी चार्वीला कडेवर घेऊन तिथं उभी होते आणि फोनच्या कडेला असलेल्या काचेच्या पट्टीवर अंगठा दाबून धरला होता. एरवी दोन सेकंदांत पट्टी हिरवी व्हायची. त्या दिवशी पिवळी झाली आणि मजकूर आला : ‘हा व्यवहार आपण स्वेच्छेने करत आहात याची खात्री होऊ शकली नाही. रक्कम चोवीस तासांसाठी स्थगित करण्यात येत आहे.’

मी घेत काय होते, तर दुधाची पावडर.

चार्वीला गाईच्या दुधातलं प्रथिन चालत नाही. तिसऱ्या महिन्यात तिच्या शी-मध्ये रक्त दिसलं तेव्हा ते कळलं. माझं दूध चौथ्या महिन्यात आटलं. तेव्हापासून ती एका खास पावडरीवर आहे. त्यातलं प्रथिन आधीच तोडून तोडून इतकं बारीक केलेलं असतं, की तिच्या पोटाला ते परकं वाटत नाही. सांगलीत ती मिळत नाही. पुण्याचा एक वितरक पाठवतो, पैसे आधी भरल्यावर, दोन दिवसांत. सरकारी सवलत असल्याने डॉक्टरांची चिठ्ठी आईच्या नावाशी जोडलेली असते आणि पैसेही त्याच नावाच्या खात्यातून जावे लागतात. काळाबाजार होऊ नये म्हणून. म्हणजे माझ्या खात्यातून, माझ्या अंगठ्याने.

आणि माझा अंगठा म्हणत होता, ही बाई घाबरलेली आहे.

हे सगळं का सुरू झालं ते बहुतेकांना ठाऊक आहे, पण माझ्यासारख्या दोनचार जणींनी ते मुद्दाम समजून घेतलं असेल. पूर्वी बँक एकच प्रश्न विचारायची : पैसे पाठवणारा माणूस तोच आहे का? त्यासाठी पासवर्ड होता, म्हणजे त्यालाच ठाऊक असलेलं काहीतरी. मग फोनवर येणारा ओटीपी, म्हणजे त्याच्याचजवळ असलेलं काहीतरी. मग बोटाचा ठसा, चेहरा. कुलपं अशी भक्कम होत गेली तेव्हा चोरांनी कुलपं फोडणं सोडून दिलं. ते मालकालाच फोन करून घाबरवायला लागले. तुमच्या नावावर गुन्हा आहे, तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, फोन ठेवू नका, पैसे पाठवा. आणि निवृत्त मास्तर, डॉक्टर, बँकेतलेच लोकसुद्धा स्वतःच्या हाताने, स्वतःच्या ठशाने आयुष्यभराची पुंजी पाठवू लागले. माणूस तोच होता. पण ते पाठवणं त्याच्या मनातलं नव्हतं.

म्हणून बँकांनी दुसरा प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्यालाच म्हणतात स्वेच्छा पडताळणी. काचेच्या पट्टीतून हिरवा उजेड अंगठ्याच्या कातडीत शिरतो आणि रक्ताची प्रत्येक लाट मोजतो. मी रसायनशास्त्राची एमएस्सी, शरीरशास्त्राशी माझा संबंध बारावीपुरता. त्यामुळे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं : शांत माणसाचं हृदय घड्याळासारखं चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं थोडं कमीजास्त होत राहतं, श्वासाबरोबर सैलावतं, आवळतं. भीती वाटली की ते सैलपण जातं आणि ठोके शिस्तीत, एकसारख्या अंतरावर पडायला लागतात. त्यात घामाचा अंश आणि बोटाची थरथर मिळवली, की यंत्राला अंदाज येतो. मात्र प्रत्येकाची शांतता वेगळी असते. म्हणून गेल्या वर्षी प्रत्येक खातेदाराचे चाळीस दिवस नुसते मोजून ठेवले. तो त्याचा नमुना. यंदाच्या एक एप्रिलपासून त्या नमुन्याशी ताडून पाहायला आणि पैसे अडवायला सुरुवात झाली.

पाचशेच्या आतले व्यवहार तपासत नाहीत. भाजी, रिक्षा, पाव चालतो. त्याच्या वर गेलं की अंगठा.

त्या दिवशी मी जे केलं ते माझ्यासारखीच बाई करू शकते. मी पुन्हा दाबलं. पिवळं. चार्वीला खाली गादीवर ठेवलं, पाणी प्यायले, पुन्हा दाबलं. पिवळं. दुपारी, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी दोनदा, रात्री पुन्हा. प्रत्येक वेळी वाटे, आता मी शांत आहे. डब्यात दोन दिवसांची पावडर होती, मग दीड, मग एक. तिसऱ्या दिवशी वितरकाला फोन केला तर तो म्हणाला की पैसे आलेच नाहीत.

नंतर कळलं, चोवीस तास थांबलं असतं तर ते आपोआप गेले असते. पण पुन्हा दाबलं की आधीचा व्यवहार रद्द होऊन नवे चोवीस तास सुरू होतात. मी तीन दिवस घड्याळ मागं मागं ढकलत बसले होते.

डबा संपला. दोन दिवस चार्वी भाताच्या पेजेवर आणि नाचणीच्या सत्त्वावर राहिली. ती रडून रडून थकून झोपायची आणि उठून पुन्हा रडायची. सासूबाई म्हणाल्या, आमच्या वेळी पोरं वरच्या दुधावरच वाढली, कुणाचं काय बिघडलं. त्या वाईट नाहीत. त्यांनी तिला दोन्ही दिवस मांडीवरून उतरवलं नाही. पण त्यांनी गाईच्या दुधाची वाटी भरून ठेवलेली मी पाहिली आणि ती बेसिनमध्ये ओतून टाकली. त्यानंतर आठवडाभर घरात कामापुरतंच बोलणं झालं.

त्याच गडबडीत बँकेचा फोन आला. एक मुलगी होती, आवाजावरून माझ्याहून लहान. एकाच व्यवहारात सहा वेळा स्थगन झालं की माणसानं बोलायचं, असा त्यांचा नियम. तिनं आधी विचारलं, मी एकटी आहे का. मग म्हणाली, “मॅडम, तुमच्यावर कुणी दबाव आणतंय का? कुणाची भीती वाटते का तुम्हाला?”

घाबरवणारं कुणी नव्हतं. पण प्रश्न अगदी नीट विचारला होता तिनं, घाई न करता, आणि तसा कुणी विचारला नव्हता. शेवटी मी नाही म्हणाले.

“उत्तर द्यायला तुम्हाला बावीस सेकंद लागली,” ती म्हणाली. दोष देत नव्हती, तिला लिहून घ्यायचं होतं.

माझा नमुना कधीचा आहे, ते तिनेच सांगितलं. तारखा ऐकल्या आणि मी कॉटवर बसले. चार्वी झाल्यानंतर चौथ्या दिवसापासूनचे चाळीस दिवस. म्हणजे माहेरी तासगावला माझा सव्वा महिना. कानाला स्कार्फ बांधून मी आतल्या खोलीत पडून असायची. सकाळी मालीशवाली बाई यायची, मग कढत पाणी, शेक, ओव्याची धुरी. आई अळिवाची खीर आणि डिंकाचा लाडू हातात द्यायची. चार्वी रडली की माझ्याआधी आई उठायची, आईच्या आधी पप्पा. मला तांब्यासुद्धा उचलू देत नव्हते. कामच काय होतं, तर पडल्या पडल्या फोनवरून दुपटी, टोपडी, लंगोट मागवायचे आणि डोळे मिटायचे. अंगठा लावताना मी अर्धी झोपेत असायची.

यंत्रानं ती बाई म्हणजे मी असं धरलं होतं. मग सासरी परत आल्यावर जी कुणी त्याच खात्यातून पैसे पाठवत होती, तिच्याबद्दल त्याला शंका आली तर त्याचं काय चुकलं.

पुढच्या डब्याच्या वेळी मी मुद्दाम चार्वीला घेऊन तासगावला गेले. त्याच खोलीत, त्याच कॉटवर बसून अंगठा लावला. पण पप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ते भिंत धरून चालत होते. आई बाहेर खोकत होती आणि तिनं ते मला कळू नये म्हणून नळ सोडला होता. चार्वी रांगत जिन्याकडे निघालेली. पट्टी पिवळी झाली. ती बाई आता तिथंही राहत नव्हती.

यावर अभिनंदननं उपाय शोधला. अभिनंदन माझा नवरा. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. सोय अशी, की खातेदार एक साक्षीदार नेमू शकतो. माझी पट्टी पिवळी झाली की त्याच्या फोनवर सूचना जाते, त्यानं अंगठा लावला आणि त्याची नाडी शांत असली की पैसे लगेच सुटतात. घाबरवणाऱ्यापासून दूर असलेलं, शुद्धीवर असलेलं दुसरं माणूस, असा त्यामागचा विचार. अभिनंदनची नाडी बावन्न. कधीही मोजा. मी त्याला म्हणायची, तुझं हृदयसुद्धा कंपनीनं उणे तापमानात ठेवलंय. तो हसायचा.

खरंच सोपं झालं सगळं. डबे वेळेवर येऊ लागले. तो कामावरून अंगठा लावायचा आणि मला एक लहानसा अंगठाच पाठवायचा, चित्रातला. मग एकदा विचारलं, एकदम तीन झबली कशाला. सहज विचारलं. पुढं त्यानं विचारणंही सोडलं, न बघताच दाबायचा. रविवारी तो अंघोळीला गेलेला असला की सासूबाई दारावर टकटक करून सांगायच्या, “अभिनंदन, तिचं आलंय बघ, दाब.” तिचं आलंय. जसं पोरीला शाळेतून चिठ्ठी यावी.

एकदा मी मिरजेच्या एका मानसोपचार डॉक्टरांची वेळ घेतली. नऊशे रुपये. सूचना अभिनंदनकडे गेली आणि नेमकं ते नाव त्याच्या नजरेस पडलं. हे डॉक्टर कसले, असं त्यानं विचारलं. मी म्हणाले, चुकून दाबलं गेलं. आणि रद्द केलं.

मग सन्मती आला.

सन्मती अभिनंदनचा आतेभाऊ. द्राक्षबागांवर औषध फवारणारे ड्रोन भाड्यानं द्यायचा धंदा त्याला काढायचा होता. रविवारी दुपारी जेवायला आला, आमटी दोनदा मागून घेतली, चार्वीला हवेत उडवून ड्रोनचा आवाज काढून दाखवला. ती खिदळली. माणूस गोड आहे. जेवण झाल्यावर अभिनंदननं विषय काढला. लग्नाआधी तीन वर्षं मी तासगावच्या ज्युनिअर कॉलेजात प्रॅक्टिकल घ्यायची, त्या पगारातले तीन लाख वीस हजार माझ्या खात्यात पडून होते. ते सन्मतीच्या धंद्यात भागीदारी म्हणून घालावेत. घरातच राहतायत, अभिनंदन म्हणाला. कागद करू, सन्मती म्हणाला. सासूबाई बडीशेपेची वाटी पुढं करत होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते आणि कुणाच्याही चेहऱ्यावर काही वाईट नव्हतं.

मी म्हणाले, चालेल की.

अंगठा लावला. पिवळं.

“वहिनी, मशीनचा काय तुमच्यावर भरवसा नाही बघा,” सन्मती म्हणाला आणि सगळे हसले. मीपण हसले. अभिनंदनचा फोन टेबलावर थरथरला, त्यानं हात पुढं केला. तेवढ्यात मी म्हणाले, राहू दे, उद्या आपोआप जाईल. का म्हणाले ते मला ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, रविवारची सुस्ती. त्यानं फोन उलटा ठेवला आणि सुपारी कातरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मी बाटल्या उकळत ठेवल्या होत्या. बाराचा सुमार. तीन वाजता चोवीस तास पुरे होणार होते. माझं लक्ष पुन्हा पुन्हा घड्याळाकडे जात होतं, आणि मला एकदम जाणवलं की हे वाट बघणं निराळं आहे. पावडरीच्या वेळी मी पैसे कधी एकदा जातात याची वाट बघायची. आज ते जाऊ नयेत म्हणून बघत होते. हाताला तोच गारवा. यंत्राला दोन्ही भीती सारख्याच दिसत होत्या. त्या दुपारपर्यंत मलाही सारख्याच दिसत होत्या.

मी गॅस बंद केला आणि ‘रद्द करा’ दाबलं. त्याला अंगठा लागत नाही.

अभिनंदन ओरडला नाही. तो ओरडत नाही. जेवताना फक्त एवढं म्हणाला, की सन्मतीसमोर हो म्हणालीस, आधी नाही म्हणायचं होतंस, मी काय जबरदस्ती केली होती का. नव्हती केली. मी तसं सांगितलंही. मग त्यानं बराच वेळ भात कालवला आणि निष्कर्ष काढला, की घोळ यंत्राचा आहे. ते तुला सारखं अडवतं, त्यानं तुझ्या मनात नाही ते भरतं. शनिवारी बँकेत जाऊ, नमुना बदलून घेऊ. पहिल्यापासून तेच करायला हवं होतं.

शनिवारी चार्वीला सासूबाईंकडे ठेवून आम्ही शाखेत गेलो. आरगे मॅडम म्हणून अधिकारी होत्या. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर. त्यांनी पडद्यावर माझे आठ महिने दाखवले. सव्वा महिन्याची रेघ ओढ्याच्या पाण्यासारखी वेडीवाकडी, आणि तिच्यापुढं सगळं शिवणयंत्राच्या टाक्यांसारखं सरळ, एकाला एक लागून. अभिनंदन वाकून बघत होता. त्यानं हे कधी पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं.

आरगे मॅडमनी समजावून सांगितलं. नवे चाळीस दिवस मोजायचे. त्यानंतर आजची माझी जी अवस्था आहे तीच माझा नमुना होईल. मग पट्टी पिवळी होणार नाही, साक्षीदार लागणार नाही, दोन सेकंदांत पैसे जातील.

मी विचारलं, आणि खरोखरच कुणी धमकावलं तर?

“तरी दोन सेकंदांत जातील. यंत्राला फरक कळायचा नाही. हे मला सांगावंच लागतं, नियम आहे,” त्या म्हणाल्या. मग आपण होऊन म्हणाल्या, की महिन्याला साठसत्तर जण नमुना बदलून घेतात. निम्म्याहून जास्त बायका. तान्ही मुलं असलेल्या, घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असलेल्या. मी विचारलं, सगळ्या सही करतात? करतात, त्या म्हणाल्या. दरवेळी चोवीस तास थांबायला कुणाला सवड असते?

फॉर्म एका पानाचा होता. अभिनंदननं पेनचं टोपण काढून माझ्यापुढं धरलं आणि लवकर व्हावं म्हणून स्वतःच खालची ओळ मोठ्यानं वाचली : ‘माझी सध्याची शारीरिक व मानसिक स्थिती ही माझी नेहमीची स्थिती आहे, असे मी याद्वारे घोषित करते.’ इथं सही कर, तो म्हणाला.

मी पेन घेतलं. कित्येक महिन्यांची झोप डोळ्यांत होती. सही केली असती तर सगळंच सोपं झालं असतं, अगदी खरं सांगते. कुणी थांबवलं नसतं, कुणी विचारलं नसतं.

“ही माझी नेहमीची स्थिती नाही,” मी म्हणाले.

“अगं, फॉर्मची भाषा असते ती.”

“असू दे. खोटी आहे ती. मी लिहून देणार नाही.”

मी आरगे मॅडमना म्हणाले की नमुना राहू दे जुनाच. पावडर मी एक दिवस आधी मागवत जाईन, बाकीचंही तसंच, एकदाच दाबून सोडून देईन. आणि साक्षीदार काढून टाकायचा असेल तर काय करावं लागतं?

अभिनंदननं टोपण पेनला लावायला घेतलं, पेन माझ्या हातात होतं. मग त्यानं विचारलं, हळू, बाईंना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, “म्हणजे मी कोण मग?”

“नवरा,” मी म्हणाले. “तेवढं पुरे आहे. तेवढंच हवंय मला.”

साक्षीदार काढायलाही अंगठा लागतो. मी बँकेच्या पट्टीवर अंगठा ठेवला आणि अर्थातच ती पिवळी झाली. चोवीस तास. आरगे मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. यात एक सोय आहे, त्या म्हणाल्या, सध्याचे साक्षीदार इथंच हजर आहेत, त्यांनी अंगठा लावला तर आत्ता होऊन जाईल.

अभिनंदनच्या खिशात फोन थरथरला. त्यानं तो काढला, सूचना पूर्ण वाचली. साक्षीदार झाल्यापासून पहिल्यांदाच तो एखादी सूचना शेवटपर्यंत वाचत होता. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता फोन खिशात टाकेल आणि उद्या आपोआप होईल म्हणेल. पण त्यानं पट्टीवर अंगठा ठेवला, नीट, दाबून, आणि डोळे मिटले.

पट्टी पिवळी झाली.

त्यानं अंगठा पँटला पुसला आणि पुन्हा ठेवायला गेला. मी त्याचं मनगट धरलं. पुन्हा दाबू नकोस, मी म्हणाले, घड्याळ परत पहिल्यापासून सुरू होतं.

त्याचा हात गार होता. तो आपल्याच फोनकडे बघत राहिला, जसं कुणी तिसऱ्याच माणसाचा रिपोर्ट बघावा. आरगे मॅडमनी पुढचं टोकन पुकारलं. आमच्या मागची बाई पुढं सरकली, तिच्या खांद्यावर बाळ झोपलेलं. आम्ही उठून दाराशी आलो तरी त्यानं फोन ठेवला नव्हता.

“असं होतं तुला?” त्यानं विचारलं. “दर वेळी?”

मी हो म्हणाले. उत्तराला एक सेकंदसुद्धा लागला नाही.